इंदुमतीबाईंनी बर्फाचे राज्यात पत मिळविली त्याची हकीकत

आधी विघ्नहर्त्यास नमन, मग कुलस्वामिनीस, आणि तिसरे नमन, दुरूनच, त्या अदृश्य दप्तरास, ज्यात परमुलखी रयतेची पत मांडिली जाते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी मिरजेच्या सौभाग्यवती इंदुमतीबाई खराडे, पेशाने परिचारिका, विमानारूढ होऊन उत्तरेकडील बर्फाचे राज्यात दाखल जाहल्या. यजमान मुकुंदराव, शाळेत शास्त्राचे मास्तर, आणि कन्या मैना, वय वर्षे पाच, ही मंडळी मिरजेसच राहिली. मसलत ऐसी ठरली की बाईंनी पुढे जाऊन रुग्णालयाची चाकरी धरावी आणि घर पाहावे, आणि घर मिळताच मागील मंडळींनी निघावे. घर नाही तर निघणे नाही, कारण बाई उतरल्या ती खोली एकट्या माणसाची, आणि दुसरे माणूस आणिल्यास खोली काढून घेऊ ऐसी मालकाची ताकीद होती.

मग बाईंनी अवघे नगर पालथे घातिले आणि मार्थाबाई नामे एका वृद्ध विधवेचे घर हेरिले. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात सफरचंदाचे झाड, आणि हाकेच्या अंतरावर शाळा. जुने भाडेकरू उन्हाळ्यात जाणार होते. बाई हरखल्या आणि पगाराचा कागद पुढे केला. मार्थाबाई बोलिल्या की पगार उत्तम, माणूसही लाखात एक दिसते, परंतु या राज्यी एक दप्तर आहे, त्यात कोणी किती उसने घेतले आणि कैसे फेडिले हे लिहितात आणि त्यावरून माणसास आकडा देतात, तो आकडा दाखवा आणि किल्ली घ्या. मग दप्तर धुंडाळिले, तो बाईंचे नावच नाही. चांगले नाही, वाईटही नाही, मुळी नाहीच. बाई बोलिल्या, "मी आजवर कुणाचं एक पैशाचं देणं ठेवलेलं नाही हो." मार्थाबाई म्हणाल्या, "तीच तर अडचण आहे." आता बोला! ज्या गुणासाठी मिरजेत बाईंचे नाव निघत असे, तोच गुण येथे आडवा आला. हे लिहिताना आमचे टाळके सरकते, परंतु बखर लिहिणाराने डोके शांत ठेवावे, म्हणून पुढे लिहितो.

मग बाई पेढीवर गेल्या. तेथील कारभारी हसतमुख होता, त्याने उपाय सांगितला की आधी अनामत ठेवा, मग तितक्याच रकमेचे कार्ड देतो, ते वापरा आणि फेडा. म्हणजे आपलेच पैसे पेढीत कोंडावे आणि पेढीने तितकेच आपणांस उसने देऊन वर उपकार करावे! तरी बाईंनी निमूट अनामत ठेविली, कार्ड घेतिले, आणि त्यावर दूध, बटाटे, लोकरीचे मोजे ऐसी खरेदी आरंभिली. परंतु बाईंचे माहेरी शिरस्ता ऐसा की शेजारून आणिलेली वाटीभर साखरही दिवेलागणीच्या आत परत गेली पाहिजे. तोच शिरस्ता बाईंनी परमुलखी चालविला. सकाळी खरेदी, आणि दिवे लागायच्या आत फोनवरून फेड. त्यातून त्या राज्यी हिवाळ्यात सूर्य दुपारच्या चहालाच मावळतो, तेव्हा बाई चालू कामात चादरींच्या कोठडीत पळत जात आणि उभ्या उभ्या बटाट्यांचे पैसे चुकते करून परत येत. इकडे मिरजेत मैना भातुकलीची पिशवी भरून बसली होती आणि रोज फोनवर एकच पुसत होती की आई, आकडा आला का?

चैत्र लागला, संवत्सर पालटले, बाईंनी देवाचे नाव घेऊन दप्तर पाहिले, तो आकड्याचे जागी कोरे. बाई पेढीच्या पायरीवर बसून रडल्या, कारण मार्थाबाईंकडे दुसरे गिऱ्हाईक येऊन घर पाहून गेले होते. मग डोळे पुसून आत गेल्या. कारभाऱ्याने खाते उघडिले आणि इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला. त्याने उलगडा केला की दप्तराचा लिहिणार महिन्यातून एकदाच डोकावतो, आणि तो येतो तेव्हा तुमची पाटी पुसलेली, तेव्हा त्यास वाटते, कार्ड पेटीतच पडून आहे. देणे दिसू द्या, महिन्याचा हिशेब हाती येऊ द्या, मग मुदतीचे आत पुरते फेडा. बाईंचे तोंडचे पाणीच पळाले. तशाच त्यांनी मुकुंदरावांस फोन लाविला आणि म्हणाल्या, "अहो, म्हणजे मी डोक्यावर देणं घेऊन झोपायचं?" मुकुंदराव शांतपणे बोलिले, "इंदू, देणं बुडवणं वाईट. नुसतं देणं असणं म्हणजे कुणीतरी तुझ्यावर विश्वास टाकलाय. त्यांना महिनाभर टाकू दे की."

मग बाईंनी मार्थाबाईंकडे जाऊन खरे ते सांगितले आणि मुदत मागितली. मार्थाबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या की गिऱ्हाइकास थोपविते, आषाढापर्यंत घर तुमचे. बाईंनी कार्डावर कुकर घेतला आणि फेडिला नाही. हात शिवशिवू लागला तैसा फोन तुरीच्या डब्यात कोंबिला. हिशेब हाती आला तो त्याच क्षणी चुकता केला, आणि पुढील महिनी पुन्हा तैसेच. मग आषाढात एके सकाळी आकडा उगवला! फार मोठा नव्हे, परंतु स्वच्छ. बाईंनी रुग्णालयात ही वार्ता सांगितली आणि प्लास्टरातल्या रोग्यांनीही टाळ्या पिटिल्या. मार्थाबाईंनी आकडा पाहिला न पाहिला आणि किल्ली हाती दिली, आणि भाडेकरारावर नाव आले, इंदुमती खराडे.

श्रावणात मंडळी दाखल जाहली. मैना अंगणातील झाडास मिठी मारून आली, आणि दुसरे दिवशी तिघे मुकुंदरावांस फोनची जोडणी घेण्यास दुकानी गेले. दुकानदाराने नाव टिपिले, दप्तर पाहिले, आणि मान हलविली की यांचे नाव कोठेच नाही. ज्या मास्तरांस मिरजेत भाजीवालाही रामराम घाली, ते तेथे अगदी कोरे उभे राहिले. तेव्हा बाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नावावर द्या. हे माझे यजमान." दुकानदाराने बाईंचा आकडा पाहिला आणि मुकाट जोडणी दिली. मुकुंदराव ऐसे मनमोकळे हसले की दुकान वळून पाहू लागले. मैना म्हणाली, "बाबांना आकडा नाही?" बाईंनी तिचे केस सारखे केले आणि म्हणाल्या, "येईल हळूहळू. तोवर माझा आहे ना."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, घर मिळाले, मंडळी एकत्र आली. कळले तैसे लिहिले, बाईंची थोडी बाजू घेतली, ती घ्यावयाचीच होती.