कायम झालेला टोमॅटो

माणूस नोकरीतून निवृत्त झाला, की त्याच्या हातून होणारं सार्वजनिक नुकसान थांबतं आणि खासगी सुरू होतं. देशाच्या दृष्टीने ही व्यवस्था उत्तमच म्हणायची.

धाकट्या लेकीला दिवस गेले, त्या वर्षी हेडक्लार्क निवृत्त झाले. हे काही त्यांचं नाव नव्हतं, पण पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म गेल्यावर दूधवालाही त्यांना याच नावाने हाक मारी. बायकोसुद्धा मारी. (रागात असली म्हणजे. एरवी नुसतं 'अहो'.)

घरी बसल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराची तपासणी केली आणि एक गंभीर प्रकार उजेडात आणला. घरात रोज भाजी येत होती, कोपऱ्यावरच्या एकाच भाजीवालीकडून येत होती, आणि तीन ठिकाणचे दर न मागवता येत होती.

"अहो, ती मिरच्या वरून घालते दोन-चार," बायको म्हणाली.

"वरून? ह्यालाच तर लाच म्हणतात!"

तेव्हा पैसे वाचवण्यासाठी भाजी घरीच, गॅलरीत पिकवायची असं ठरलं. बचत सुरू करण्याआधी थोडा खर्च करावा लागतो, हे कोणत्याही खात्यातला माणूस सांगेल. त्याप्रमाणे कुंड्या आल्या, रोपं आली, पिशवीबंद माती आली, खुरपं आलं, फवारा आला आणि उन्हासाठी एक रुंद टोपी आली. (गॅलरीला छप्पर होतं. पण टोपी ही पदाची असते, उन्हाची नसते.) हा सगळा खर्च कधी भरून निघेल, याचाही हिशोब हेडक्लार्कांनी मांडला. अजून जन्माला न आलेलं नातवंड निवृत्त होईल, त्या सुमाराला घर नफ्यात येणार होतं.

एकच अडचण होती. गॅलरीत बायकोची खुर्ची होती. सगळं घर तिचं होतं, म्हणजे सगळ्या घराचं काम तिचं होतं. बसायला तेवढी एक घडीची खुर्ची होती. संध्याकाळी चहा घेऊन ती तिथे बसे, पाय कठड्याला लावी आणि समोरच्या इमारतीतल्या नर्सशी मोठ्याने गप्पा मारी. कुंड्या आल्या आणि खुर्ची मिटून कोपऱ्यात, पाणी जायच्या भोकाजवळ, भिंतीला टेकवण्यात आली.

बायको भांडली नाही. ती म्हणाली, "हेडक्लार्क, एक ठरवू. धाकटी बाळंतपणाला येईल, त्या दिवशी तिच्या पानात ह्या गॅलरीतली भाजी पडली, तर राहू द्या तुमच्या कुंड्या जन्मभर. नाही पडली, तर माझी खुर्ची मला."

"मान्य," ते म्हणाले. कारभार हातात असला की माणसाला निकालाची भीती वाटत नाही.

आणि कारभार खरोखर चोख होता. वांगं, मिरची, भेंडी, टोमॅटो यांची सेवाज्येष्ठता खरेदीच्या तारखेवरून लावली गेली. पाण्याला मंजुरी लागे. रोपाने आधी मान टाकायची, हा अर्ज समजला जाई. मग पाहणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी. (याच पद्धतीने त्यांनी एका आख्ख्या शहराला वर्षानुवर्षं पाणी पाजलं होतं. शहर अजून आहे.) शिवाय पंधरवड्याला बदल्या होत. उन्हाकडची कुंडी सावलीकडे, सावलीकडची उन्हाकडे. एका जागी फार दिवस राहिलं की हितसंबंध तयार होतात.

वांग्याला एक फूल आलं, पण मिरची सेवेने ज्येष्ठ असल्यामुळे ते खुडण्यात आलं. मिरचीला फूल आलंच नाही. भेंडी बदलीच्या ठिकाणी रुजू झाल्या दिवशी मोडून पडली आणि टोमॅटो दीर्घ रजेवर गेला. चौकशीत दोष मातीचा निघाला. नवी माती आणली.

त्याच सुमाराला कोपऱ्यात, मिटलेल्या खुर्चीच्या मागे, फरशीच्या भेगेतून टोमॅटोचं एक रोप वर आलं. बायको भाजी धुतलेलं पाणी तिथे ओते. त्यात एखादं बी गेलं असणार. त्याची मुलाखत झाली नव्हती, नेमणूक नव्हती, ते कुठल्याही यादीत नव्हतं. त्यामुळे ते भराभर वाढलं.

बायकोने ते पाहिलं आणि ती हरखली. मग तिला आपलं ठरलेलं आठवलं. ह्याला फळ धरलं, तर भाजी गॅलरीतलीच ठरणार आणि खुर्ची गेली ती गेलीच. ती रोप उपटायला म्हणून वाकली आणि त्याला काठी बांधून उठली. मग तिने खुर्चीवर एक जुनी चादर वाळत टाकली.

काही दिवसांनी नर्सने समोरून विचारलं, "वहिनी, ती चादर वाळत कशी नाही हो?"

"जाड आहे," बायको म्हणाली.

एका दुपारी वाऱ्याने चादर उडाली. हेडक्लार्क टोपी घालून बाहेर आले, तर समोर टोमॅटोचे घोसच्या घोस, हिरवे, टणक, काहींवर तांबूस छटा.

"हा कोणी लावला?"

"कोणी नाही. आपला आपण आलाय."

"आणि पाणी? ते कोणाच्या मंजुरीने?"

बायको रोप आणि नवरा यांच्या मध्ये उभी राहिली. "अहो, तुम्ही जिंकलात. खुर्ची नको मला. पण ह्याला हात लावू नका. जसा आहे तसा राहू द्या."

हेडक्लार्कांनी टोपी काढली. माणूस मनाचा चांगला होता, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण नुकसान बहुधा अशाच माणसांकडून होतं. "म्हणजे इतकी सेवा करून बिचारा उघड्यावर, भेगेत? रोजंदारीवर? माझ्या गॅलरीत हा अन्याय चालणार नाही. मी त्याला कायम करतो."

दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यात धाकटीचे कागद आणायला गेली होती, तेवढ्यात त्यांनी स्क्रूड्रायव्हरने भेग रुंद केली, रोप उपसलं आणि सर्वांत महागड्या कुंडीत लावलं. नव्याने कायम झालेल्याला आधी आडबाजूला काम करावं लागतं, म्हणून कुंडी सावलीच्या टोकाला गेली. संध्याकाळी रोपाने मान टाकली.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "पहिला अर्ज आला."

बायकोने पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन कुकर लावला.

धाकटी आली. घोस तोवर सुकून गळाले होते, भाजी कोपऱ्यावरून आली. "काय काकी, गॅलरीतल्या भाजीचं काय झालं?" भाजीवालीने पिशवी भरता भरता विचारलं.

"बदली झाली," बायको म्हणाली. भाजीवालीने मिरच्या वरून घातल्या.

ठरल्याप्रमाणे खुर्ची परत मांडली गेली. तिच्यावर धाकटी बसली, कारण तिला खाली बसवत नव्हतं. शेजारी, पालथ्या घातलेल्या एका कुंडीवर, तिची आई बसली. त्या सगळ्या खर्चातून घराला मिळालेला एवढा एक फायदा.

बाकीच्या कुंड्या, फवारा आणि टोपी हेडक्लार्कांनी निम्म्या किमतीत एका ओळखीच्या गृहस्थांना देऊन टाकली. त्यांनी ही हकिगत ऐकली होती, पोट धरधरून हसलेही होते. मग डोळे पुसून म्हणाले, "अहो, पण पद्धत चुकली तुमची. नीट केलं तर पैसे वाचतात." त्यांचं नाव सांगत नाही. त्यांनी परवाच घरच्यांची खुर्ची मिटून भिंतीला लावली आहे, आणि म्हणूनच आता ते हे उभ्याने वाचत आहेत.

हेडक्लार्क, त्यांची बायको, लेक आणि नात सुखरूप आहेत. टोमॅटो वारला. कायम झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी, पाण्याला मंजुरी मिळाल्यावर थोड्याच वेळाने.