पाहुण्याचं नाव विचारण्याची मुदत

शोधमोहीम कितीही मोठी असली तरी तिला रीतभात सोडून चालत नाही. फरात नदीकाठच्या आमच्या गावात पाहुण्याला तीन दिवस नाव विचारत नाहीत. पदच्युत राष्ट्राध्यक्षांना हे पक्कं ठाऊक होतं. ते दर तिसऱ्या सकाळी घर बदलत, आणि असे आठ महिने निनावी राहिले. (त्यांची तसबीर घरोघरी होती. पण तसबिरीत मिश्या काळ्या होत्या, त्यामुळे ओळखलं नाही, असं आम्ही सगळ्यांनी एकाच हस्ताक्षरात लिहून दिलं आहे.)

शेवटी कप्तान मुतलक चाळीस जवान घेऊन माझ्या शेजाऱ्याच्या, हाजी शनानच्या, दारात आले. हाजीच्या मुलाचं लग्न शुक्रवारी होतं. जेवणावळीसाठी राखलेल्या सहा मेंढ्या अंगणात होत्या. जेवणावळ नाही तर मुलगी नाही, असं व्याह्यांनी बजावलं होतं.

"आत कोण आहे, काका?"

"पाहुणा आहे, बाबा. कालच आलाय."

"नाव काय त्याचं?"

"अरे, कुठल्या घरचा तू? कालच्या पाहुण्याचं नाव विचारतोस?"

कप्तान ओशाळले. तेही चांगल्या घरचे. घराला वेढा घालून मुदत संपेपर्यंत थांबायचं ठरलं. थांबले म्हणजे तेही पाहुणे झाले, आणि पाहुणे म्हटले की मेंढी आली. त्या दिवशी तीन गेल्या, दुसऱ्या दिवशी उरलेल्या. (मीठ जरा कमी आहे, असं म्हातारा पाहुणा म्हणाला. त्यावर सैन्याचं एकमत झालं.) हाजीची बायको चुलीपाशी रडत होती. मलाही फार वाईट वाटलं, पण मी जेवत होतो.

मुदत संपली तशी कप्तानांनी अदबीने नाव विचारलं. पाहुण्याने ते अकरा पदव्यांसकट सांगितलं. सातव्या पदवीला कप्तान ताठ उभे राहिले. अकराव्या पदवीला चाळीस जवानांनी सलाम ठोकला आणि आम्ही गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता हात खाली घ्यायचा हुकूम कोणी द्यायचा, हे कोणालाच कळेना. तेवढ्यात म्हातारा कप्तानांच्या जीपमध्ये जाऊन बसला. ड्रायव्हरने दार हलकेच लावलं आणि गाडी गेली.

अहवालात मोहीम यशस्वी म्हटली आहे: 'सदर इसमाची ओळख पटली.'

व्याह्यांनी मुलगी दुसरीकडे दिली.

"मेंढ्या गेल्या, पोराचं लग्न मोडलं, आणि तू टाळ्या पिटत होतास?" हाजी मला म्हणाला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही हसताय. पण परवा साहेब आत आले आणि तुम्ही खुर्चीतून उठलात, ते कोणाच्या हुकमाने?