तिसऱ्या घोषणेचा मान

एखाद्या समाजाची एकजूट मोजायची असेल, तर त्यातली माणसं एकमेकांना सोडून किती सहज निघून जाऊ शकतात, हे पाहावं. निघणं जितकं अवघड, तितका समाज एकजीव. या कसोटीवर आमचा गोंदिया जिल्हा फार वर लागतो. आमच्याकडे लग्नाला आलेला माणूस दुसऱ्या चार माणसांच्या संमतीशिवाय घरी जाऊ शकत नाही. संमती म्हणजे त्या चौघांनी आपापली गाडी मागे घेणं.

हे आपोआप झालेलं नाही, त्यामागे लोकांचे कष्ट आहेत. मी एका सरकारी खात्यातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो असून गेल्या हंगामात एकोणीस लग्नं, तीन तेरव्या आणि एक बारसं यांच्या पार्किंगचं मी निरीक्षण केलं (जेवण यजमानांकडे). निष्कर्ष असे. शंभरातल्या ब्याण्णव गाड्या पांढऱ्या असतात, पाच पूर्वी पांढऱ्या होत्या आणि उरलेल्या तीन भाड्याच्या असतात. ‘दोन मिनिटांत येतो’ असं सांगून आडवी लावलेली गाडी सरासरी एक तास बावन्न मिनिटं उभी राहते. आणि अशा मैदानातून गाडी चोरीला गेल्याची एकही नोंद मला सापडली नाही. चोर आला तरी निघणार कसा? त्यालाही आधी माईकवर नंबर पुकारून घ्यावा लागेल.

माईकवर नंबर पुकारायची रीत सगळीकडेच आहे. आमच्याकडे मात्र तिची प्रगती झाली. पहिल्या घोषणेत नुसता नंबर असतो. दुसऱ्या घोषणेत नंबर आणि रंग (पांढरा). तिसऱ्या घोषणेत नंबर, रंग आणि ‘श्रीमान’ लावून पूर्ण नाव, गाव आणि व्यवसाय. ही सुधारणा गुड्डू अनाउन्सरची. एका लग्नात काही केल्या कुणी उठेना, तेव्हा त्यानं मालकाचं नाव शोधून काढलं आणि अदबीनं पुकारलं. सगळा मांडव वळून पाहायला लागला. त्या गृहस्थांनी ताट खाली ठेवलं, हात पुसले, आणि नवरदेवालाही जमली नव्हती अशा चालीनं ते मधल्या गालिच्यावरून बाहेर गेले. पुढच्याच लग्नात पाच जण तिसऱ्या घोषणेपर्यंत जागचे हलले नाहीत.

तेव्हापासून पहिल्या घोषणेला उठणाऱ्याकडे लोक जरा कीव करून पाहतात. गाडी भाड्याची असणार, नाहीतर माणूस घाबरट असणार. दुसऱ्या घोषणेला उठणारा मध्यमवर्गीय समजला जातो. तिसरीला उठतो तो प्रतिष्ठित. आता नाव पुकारलं जायचं तर आधी कुणाची तरी वाट अडवावी लागते. त्यामुळे ज्यांना मोकळी जागा मिळते ते बिचारे हिरमुसतात, आणि पुढच्या वेळी मुद्दाम उशिरा येतात.

सांगायची गोष्ट मेच्या दुसऱ्या आठवड्यातली. कुडवा रस्त्यावरचं एक लॉन (नाव देत नाही, मालक नात्यातले आहेत). लग्न डिंपलचं. मुहूर्त अकरा वाजून एक्केचाळीस मिनिटांचा, म्हणजे लोक एकच्या सुमारास येणार होते. पण सडक अर्जुनीकडच्या एका खेड्यातले शेतकरी दुधराम यांनी पत्रिकेवरची वेळ खरी धरली आणि ते साडेदहालाच हजर झाले. सोबत मुलगी पुष्पांजली. मैदान रिकामं होतं. दुधरामनी कडुलिंबाच्या सावलीत, भिंतीला लागून, अगदी सरळ गाडी लावली. जो वेळेवर येतो तो भिंतीशी अडकतो आणि जो उशिरा येतो तो गेटपाशी मोकळा असतो, हा मूळ नियम त्यांना ठाऊक नव्हता. शाळेत उलटं शिकवतात.

पुष्पांजलीचं नाव सरकारी नर्सच्या निवड यादीत लागलं होतं. तिसऱ्या प्रयत्नात. त्या दिवशी गोंदियातल्याच एका कार्यालयात मूळ कागदपत्रं तपासून घ्यायची होती. सकाळी ‘अ’ ते ‘न’ नावांची तपासणी, दुपारी तीन ते पाच ‘प’पासून पुढच्यांची. पाच वाजून एक मिनिट झालं की नाव खाली आणि पुढच्या उमेदवाराचं वर. दहावीपासून नोंदणी प्रमाणपत्रापर्यंतचे सगळे कागद तिनं एका निळ्या पिशवीत भरून गाडीच्या मागच्या सीटवर ठेवले होते. मांडवात कुणाचा मठ्ठा सांडेल, सांगता येत नाही. अक्षता टाकायच्या, दोन घास खायचे आणि अडीचला निघायचं, असा बापलेकीचा बेत होता. लग्नाला यायलाच नको होतं असं कुणी म्हणेल. पण डिंपलचे वडील दुधरामचे मावसभाऊ. ते पुढची वीस वर्षं प्रत्येक भेटीत विचारत राहिले असते, काऊन नाई आले म्हणून.

पार्किंगवर सुखराम नावाचा शिट्टीवाला होता. त्याच्या कामाची पद्धत सोपी. गाडी मागे येत असताना तो ‘आने दो, आने दो’ म्हणायचा, आणि ठोकल्याचा आवाज आला की ‘बस’. या पद्धतीनं दीड वाजेपर्यंत एकशे नव्वद गाड्यांच्या जागेत दोनशे सात गाड्या बसल्या. दुधरामच्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी लग्नपत्रिका सरकली असती, पाहुणा नाही. कोणतंही दार उघडत नव्हतं, आणि डिक्कीच्या मागे भिंत होती.

लग्न लागलं दोन पंचवीसला. तीन वाजता बापलेक मैदानात आली.

“हे समोरची कोनाची आहे जी?” दुधरामनी विचारलं.

“पांढरी आहे,” सुखराम म्हणाला.

“थे तं दिसून राहिलं मले. कोनाची आहे?”

“पाहुन्याची.”

इतकी माहिती हाती आल्यावर पुष्पांजली स्टेजपाशी गुड्डूकडे गेली. अडवणाऱ्या पाच गाड्यांची पहिली घोषणा तीन दहाला झाली, दुसरी साडेतीनला. कुणीही उठलं नाही. चारला दहा मिनिटं असताना ती पुन्हा गेली.

“भैया, पाचच्या आत पोचाचं आहे मले. कागद गाडीत अडकले. माही नोकरी जाईन.”

“दीदी, तीसरा अनाउन्समेंट ऐसे नहीं होता,” गुड्डू सौम्यपणे म्हणाला. “तीसरे में नाम लगता है. पहले पता करके लाओ किसकी गाड़ी है.”

“थेच तं विचारून राहिली मी माईकवरून!”

“और अभी सत्कार चल रहा है,” गुड्डू म्हणाला, आणि त्यानं वराच्या मामांच्या साडूंना शाल घ्यायला पाचारण केलं.

त्या वेळी त्या पाचांतली एक गाडी ज्यांची, ते तांदळाचे व्यापारी दुलीचंदजी, कूलरच्या झोतात माझ्या शेजारच्या खुर्चीवर जिलेबीचा दुसरा डाव घेत होते. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई पंख्याखालून उठून मुद्दाम विचारायला आल्या.

“आपला नंबर झाला का जी?”

“दोन डाव झाला. तिसऱ्याची वाट पाहून राहिलो.”

“नाव बरोबर सांगजा त्याले. मागच्या लग्नात नुसतं दुलीचंद म्हनला थो.”

मी या संभाषणात हस्तक्षेप केला नाही. निरीक्षकानं करू नये.

चार वाजून चार मिनिटांनी पुष्पांजली मैदानाच्या कडेला उभी राहून घड्याळाकडे पाहत होती. मग तिनं लग्नातली साडी कमरेला खोचली.

“बाबूजी, खालून वाट नाई. मी वरतून जाऊन राहिली.”

तिनं आधी सँडल काढून हातात घेतल्या, हे नोंदवलं पाहिजे. संस्कार चांगले होते. पण मे महिन्यात दुपारी चारला गोंदियात बॉनेटवर अनवाणी पाय ठेवणं म्हणजे तव्यावर ठेवणं. तिनं एक पाय ठेवला, काढला, आणि सँडल पुन्हा घातल्या. टाचेच्या होत्या, लग्नासाठी घेतलेल्या.

पहिल्या बॉनेटवर टाच पडताच त्या गाडीचा भोंगा सुरू झाला. ती थांबली नाही. पाच गाड्या ओलांडून ती आपल्या गाडीच्या टपावर पालथी पडली. मागच्या खिडकीची काच मागच्या दिवाळीपासून वर जात नव्हती. तिथून हात घालून तिनं पिशवी ओढली, आणि आल्या वाटेनं परतली. दुसरी वाट नव्हती. मला तिचं मनापासून कौतुक वाटलं, हे मी लपवत नाही.

जे काम माईकला चौपन्न मिनिटांत जमलं नाही, ते एका टाचेनं चाळीस सेकंदांत केलं. पाचही गाड्यांचे मालक धावत आले. कुणाच्या हातात पापड होता, कुणाच्या हनुवटीवर पाक.

“ओ बाई, गाडीवर कायले चढून राहिली?” दुलीचंदजी ओरडले.

“खालून तुमी जाऊ नाई देऊन राहिले म्हनून,” ती शेवटच्या बॉनेटवरून म्हणाली. तिनं खाली उडी मारली, गेटवर ऑटो थांबवला आणि पिशवी छातीशी धरून निघून गेली. चार वाजून बारा मिनिटं.

आता पाचही मालक जागेवर होते, पाचही किल्ल्या खिशात होत्या. दोन मिनिटांत मैदान मोकळं झालं असतं, आणि दुधरामना मुलीच्या मागे जाता आलं असतं. पण दुलीचंदजींनी हात वर केला.

“गाडी कोनी हलवू नका. आधी पंचनामा होऊ द्या.”

हे सर्वांना पटलं. पुरावा हलवू नये, एवढं प्रत्येकाला कळतं. निवृत्त लिपिक म्हणून लेखनाचं काम माझ्याकडे आलं, आणि आहेराच्या पाकिटामागे मी खालीलप्रमाणे नोंद केली.

गाडी पहिली, पांढरी. बॉनेटच्या मध्यभागी खोच (म्हणजे पोचा) एक, खोली तांदळाच्या दाण्याइतकी (जाड जातीच्या). गाडी दुसरी, पांढरी. खोच दोन, एक जाताना आणि एक येताना. पैकी एक जुनीच असल्याचं सुखरामचं म्हणणं मालकानं फेटाळलं आणि सुखरामला शिट्टी वाजवायला पाठवलं. गाडी तिसरी, पांढरी. खोच आढळली नाही. मालक फार नाराज झाले, आपल्यालाच का वगळलं म्हणून. त्यांच्या आग्रहावरून ‘धुळीवर पाऊल उमटले आहे’ असं लिहिलं. गाडी चौथी, श्रीमान दुलीचंदजी यांची, पांढरी. खोच एक, तीत करंगळीचं टोक बसतं. उपस्थित सर्वांनी बसवून पाहिलं. गाडी पाचवी, पांढरी, माझी. खोच एक, सर्वांत खोल. (दुलीचंदजींचं मत वेगळं होतं, पण पेन माझं होतं.)

दुधराम हात जोडून उभे होते. “पोरीची नोकरी होती जी,” ते म्हणाले.

“नोकरी आपल्या जागी, बॉनेट आपल्या जागी,” दुलीचंदजी म्हणाले. हे वाक्य सर्वांना आवडलं.

तेवढ्यात मांडवात भोंगे खरखरले. आमची नावं एव्हाना गुड्डूपर्यंत पोहोचली होती आणि सत्कारही आटोपले होते. त्यानं खणखणीत आवाजात तिसरी घोषणा केली. पाचही नंबर, पाचही पांढऱ्या, पाचही श्रीमान, गाव आणि व्यवसायासह. आणि आम्ही पाचही जण आधीच गाडीपाशी उभे! गालिच्यावरून चालत येण्याचा मान हुकला. मग मांडवात परत जाऊन पुन्हा येण्याची सूचना दुलीचंदजींनी मांडली, आणि ती एकमतानं मंजूर झाली. आम्ही गेलो, बसलो, गुड्डूनं आमच्या विनंतीवरून घोषणा पुन्हा केली, आणि आम्ही सावकाश उठून आलो. सावित्रीबाईंनी मोबाईलवर व्हिडिओ घेतला.

आम्ही पुन्हा मैदानात पोहोचलो, तेव्हा दुधराम तिथंच, तसेच उभे होते. त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला होता.

“फोन मग घ्या जी, आधी सही करा,” दुलीचंदजी म्हणाले.

दुधरामनी सही केली. फोन तोवर वाजायचा थांबला होता. ते भिंतीकडे तोंड करून तो परत लावत राहिले आणि आम्ही पंचनाम्याचे फोटो काढत राहिलो.

हा वृत्तान्त मी आजवर चाळीस जणांना वाचून दाखवला आहे. त्यांपैकी एकतीस जणांनी विचारलं की खरंच सर्वांत खोल खोच कोणती, माझी की दुलीचंदजींची. सहा जणांना टाच किती इंची होती, ते हवं होतं. तिघांनी चांगल्या डेंटरचा पत्ता घेतला. मुलगी वेळेत पोहोचली का, हे विचारणारा अजून भेटायचा आहे. ती पोहोचली. पाचला सात मिनिटं कमी असताना. हल्ली एका आरोग्य केंद्रात नोकरीला असते. हे मी आपण होऊन सांगितलं, कारण पाच बॉनेटांची यादी तुम्हीही शेवटपर्यंत वाचलीत आणि मध्येच मान वर करून एकदाही ‘तिचं काय झालं’ म्हटलं नाहीत. विचारणारच होतो, असं तुम्ही म्हणाल. गाडी आडवी लावणारा प्रत्येक माणूसही तेच म्हणतो, काढणारच होतो.