हमामखान्यातला उगवता सूर्य

कुरोनामीच्या मनात काय आहे, ते मिसाओला पक्कं ठाऊक होतं! लग्नाच्या नवऱ्याच्या मनात काय आहे, हे तिला कधी धड कळलं नव्हतं. पण सात समुद्रांवर धुमाकूळ घालणाऱ्या, बेटामागून बेट बुडवणाऱ्या त्या काळ्या झग्यातल्या चाच्याचं काळीज तिला तळहातावरच्या रेषेसारखं लख्ख दिसत होतं.

"तो दुष्ट नाहीच मुळी," ती म्हणायची. "त्याच्या पोटात माया आहे. फक्त ती बाहेर यायला वाट सापडत नाही."

"इतकी गावं बुडाली, तरी सापडेना?" बॉयलरपाशी लाकडं सारत कुनिहिको, म्हणजे तिचा नवरा, विचारायचा.

"तू विस्तवाकडे बघ!"

याइझु बंदरातल्या कासव हमामखान्याची मिसाओ मालकीण. एका हाताला पुरुषांचं न्हाणीघर, दुसऱ्या हाताला बायकांचं, आणि दोन्हींच्या मधोमध दाराशी उंच बैठक. त्या बैठकीवर बसून ती गिऱ्हाइकांना टॉवेल देई, साबण देई आणि सोमवारच्या साप्ताहिकात येणाऱ्या चाच्यांच्या 'मांगा'वर, म्हणजे चित्रकथेवर, आपलं मत देई. टॉवेल मागावा लागे. मत मागावं लागत नसे.

कुरोनामी हा त्या चित्रकथेतला खलनायक. रोकु नावाच्या पोरसवदा कप्तानाच्या गलबतामागे तो वर्षानुवर्षं लागलेला. का? ते कोणालाच माहीत नव्हतं. लेखक सांगत नव्हता, म्हणून अख्खा देश एकमेकांना सांगत होता. सगळा वाद एका चित्रावर येऊन अडला होता. कुरोनामी नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, उभा आहे. समोर पाण्याच्या रेषेवर अर्धा गोल, त्यातून किरणं फुटलेली, गोलाच्या दोन्ही अंगांना दोन छोटे ढग. आणि कुरोनामी हसतो आहे!

चित्र पडलं काळं-पांढरं. मग तो सूर्य उगवतोय की मावळतोय?

"उगवतोय," मिसाओ म्हणे. "पूर्वेला रोकुचं गाव आहे. कुरोनामी त्या पोराच्या बापाचा मित्र. वैऱ्याचं सोंग घेऊन तो पोराची राखण करतोय. मावळत्या सूर्याकडे बघून कोण असं हसतं?"

"मी हसायचो," कप्तान ओकित्सु म्हणे. ट्यूनाच्या बोटीवर उभा जन्म काढलेला हा म्हातारा रोज दार उघडताच पहिला हजर. "दिवस संपला, की मी हसायचो. मालकीणबाई, तो मावळतोय! तुमचा कुरोनामी अंधाराची वाट बघतोय. अंधार पडला, की रोकुचा गळा धरणार!"

"कप्तान, तुम्ही मासे ओळखा. माणसं मी ओळखते."

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्या वर्षी वाफेनं न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवलेला फुजी पर्वत पोपडे धरून टबात पडू लागला. बर्फाचा पांढरा तुकडा रोज कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर! भिंत नव्यानं रंगवणं आलं. आणि गिऱ्हाइकं तर आधीच आटलेली. महामार्गालगत मोठं थोरलं स्नानगृह निघालं होतं. तिथे अंग रगडणाऱ्या खुर्च्या होत्या म्हणे. आपल्याकडे अंग रगडायचं तर शेजाऱ्याला विनवावं लागे.

मिसाओनं पदर खोचावा तशा किमोनोच्या बाह्या बांधल्या. "फुजी नको! भिंतीवर कुरोनामी काढायचा. उगवत्या सूर्याकडे बघणारा. तरुण पोरंपोरी रांगा लावतील!"

कप्तानाच्या हातातलं घंगाळ खाली पडलं. "फुजी नको? अहो, फुजीशिवाय हमामखाना म्हणजे... म्हणजे नुसतं गरम पाणी!"

"गरम पाण्यासाठीच येता ना?"

"आणि तो सूर्य मावळता निघाला तर? हमामखान्याच्या भिंतीवर मावळतीचा सूर्य काढत नाहीत. धंदा बुडतो. शेंबड्या पोराला विचारा!"

"म्हणूनच तर उगवता काढतेय."

"मग ऐका. मावळता निघाला, तर आमची सगळी म्हातारी फौज उचलून मी महामार्गावर नेणार!"

"आणि उगवता निघाला तर?"

कप्तानानं छाती फुगवली. "तर टबात उतरण्याआधी रोज तुमच्या कुरोनामीला वाकून नमस्कार!"

मिसाओ हसली, पण त्या रात्री तिला झोप येईना. ती म्हातारी फौज गेली, तर बॉयलर थंड पडणार होता. कुनिहिकोच्या आजोबांच्या हातून पेटलेला विस्तव होता तो.

शिरोसाकी गुरुजी शिड्या घेऊन आले. भिंती रंगवण्यात त्यांची केस-दाढी पांढरी झालेली. साप्ताहिकातलं चित्र त्यांनी हातभर लांब धरून पाहिलं.

"उगवता ना? खात्री?"

"शंभर टक्के!"

"आणि कडेचे हे दोन ठिपके?"

"ढग. जसेच्या तसे काढा, गुरुजी. हा लेखक उगीच एक रेघ मारत नाही."

चित्र होतं आडवं, आणि न्हाणीघराच्या मधोमध उभी पुरुष-बायकांना वेगळं करणारी आडभिंत. झालं काय, की कुरोनामी आला पुरुषांकडे आणि सूर्य गेला बायकांकडे. संध्याकाळ होता होता भिंत अशी उजळली, की वाफसुद्धा गुलाबी दिसू लागली. शेंदरी, केशरी, कणसाच्या दाण्यासारखा पिवळा. मिसाओचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी बायकांचा मोर्चा बैठकीपाशी!

"मिसाओ-सान, तो मेला आमच्याकडे बघतोय!"

"कोण?"

"तुमचा चाचा! पलीकडून, आडभिंतीवरून मान उंच करून! आणि वर दात काढतोय!"

"अगं, तो सूर्याकडे बघतोय."

"सूर्य आमच्या बाजूला आहे!"

"त्याचा हेतू शुद्ध आहे गं!"

"हेतू शुद्ध असणारा माणूस अगोदर डोळे मिटतो!"

"डोळ्यांना पट्टी रंगवू का?" कुनिहिकोनं बॉयलरच्या खोलीतून विचारलं. "एका डोळ्याला तशीही असतेच चाच्यांच्या."

मिसाओ हटली नाही. कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर उभी राहून तिनं कुरोनामीची सगळी करुण कहाणी सांगितली: मित्राला दिलेलं वचन, मनात दडवलेली माया, एकटेपण. सांगता सांगता अशी काही रंगली, की दोघीतिघींनी टॉवेलानं डोळे पुसले. बायका राहिल्या. तरुण पोरंपोरी खरंच येऊ लागली. कासव हमामखान्यात कधी नव्हे ती चपलांना जागा पुरेना! फक्त कप्तान भिंतीकडे पाठ करून टबात बसे आणि सोमवारची वाट बघे.

कारण येत्या सोमवारी कुरोनामीचा खरा हेतू उघड होणार, असं साप्ताहिकानं जाहीर केलं होतं. आणि पहिलं पान रंगीत!

सोमवारी दार उघडायच्या आधीच ओसरीवर गर्दी. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे मिसाओ, तिच्या हातात ताजं साप्ताहिक. मान ताठ.

"उघडा," कप्तान म्हणाला. "उघडा आणि फुजीची तयारी करा."

मिसाओनं पान उघडलं. निळंशार पाणी. नाळेवर कुरोनामी. डोक्यावर आकाश पांढरं फटफटीत...

"भर दुपार?" कप्तान पुटपुटला.

दुपार! मग पाण्याच्या रेषेवर ते चमकतंय काय? मिसाओनं पान उलटलं.

तो गोल पाण्यातून वर आला. त्याला भुवया होत्या. नाक होतं. मिशा होत्या. आणि ते दोन छोटे ढग... ते कान होते! समुद्रात अंघोळ करणारा एक म्हातारा; त्याच्या तुळतुळीत टकलावर दुपारचं ऊन लखलखत होतं. हा मोनपेइ, रोकुच्या गलबतावरचा आचारी. पण त्याआधी कुरोनामीचा आचारी!

आणि तो सात समुद्रांचा कर्दनकाळ गुडघ्यांवर बसून म्हणत होता: "मोनपेइ, परत चल. तुझ्या हातच्या मिसो-सूपावाचून घशाखाली घास उतरत नाही रे!"

मित्र नाही, वचन नाही, राखण नाही. सूप!

मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. बायकांच्या न्हाणीघराकडे.

"म्हणजे," कुनिहिको शांतपणे म्हणाला, "इतके दिवस बायकांच्या टबात एक म्हातारा अंघोळ करतोय."

जो काय गलका उठला! भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. बायका बाहेर. सामानाच्या टोपल्या बाहेर. "महामार्गावर चला गं!" कोणीतरी ओरडलं. मिसाओनं शिरोसाकी गुरुजींना फोन लावला. चेरी फुलेपर्यंत त्यांना सवड नव्हती. तिनं टकलावर चादर ठोकली. वाफेनं चादर घसरली, आणि म्हातारा झगा सोडून बसल्यासारखा आणखीच वाईट दिसू लागला. तिनं चादर परत ठोकली. परत घसरली. परत ठोकली. हातोडी आपटत, ओठ चावत, शिडीवर उभी. खाली न्हाणीघर रिकामं. पाण्याचा नुसता खळखळाट. त्या वेळी तिला खरंच रडू आलं.

"खाली उतर गं पोरी. पाणी निवतंय."

मिसाओनं वळून पाहिलं. रित्सु-आजी. कप्तानाची थोरली बहीण, पाठीची कमान झालेली, बंदरातली सगळ्यांत म्हातारी बाई. तिनं अंग धुतलं, काठाला धरून टबात उतरली आणि नेमकी त्या टकलाखाली जाऊन बसली. बराच वेळ वर बघत राहिली.

"आमचे हे असेच होते," ती म्हणाली. "डोक्यावर पडलेलं ऊन दुरून दिसायचं. मी धक्क्यावर उभी असायची. आधी टक्कल यायचं, मग बोट यायची." मग गालातल्या गालात गुणगुणली:

*जाळं ओढा गं, लाट आली,*
*लाटेवर कोणाची ऊन-सावली,*
*घरी या, घरी या, चूल पेटली...*

"किती दिवसांनी सोबतीला कोणी टबात बसलंय. असू दे त्याला. बोलत नाही, पाणी सांडत नाही. चादर काढ. घुसमटत असेल."

मिसाओनं चादर काढली.

आजी बसली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारणी आल्या. मग त्यांच्या सुना. "पाणी बरं आहे का, आजोबा?" असं विचारून उतरायची रीतच पडली. उगवता नाही, मावळता नाही. बॉयलर मात्र पेटता राहिला. कप्तानाला ना नमस्कार करायला लागला, ना फौज नेता आली.

चेरी फुलल्या आणि गुरुजी शिड्या घेऊन आले.

"आता फुजी!" कप्तान आनंदानं ओरडला.

आतून एकही बाई टबाबाहेर येईना.

"ताई!" कप्तान पडद्याबाहेरून कळवळला. "अगं, बाहेर ये! फुजी काढायचाय!"

"फुजी धक्क्यावरून दिसतो की फुकटात! ह्यांना घालवून कुठे पाठवतोस? त्यापेक्षा तूच जा महामार्गावर, खुर्चीत बस!"

कप्तानानं माघार घेतली. थोरल्या बहिणीपुढे त्यानं आयुष्यात कधी दुसरं काही केलं नव्हतं.

गुरुजी आले तसे रिकाम्या हातानं कसे जाणार? संध्याकाळी न्हाणीघर रिकामं झाल्यावर बायकांच्या आग्रहाखातर त्यांनी एवढंच केलं: टबात बसणारा कोणीही ठेवतो तशी, म्हाताऱ्याच्या टकलावर एक पांढऱ्या टॉवेलाची घडी काढली.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर पोरांमध्ये नवा वाद पेटला: त्या टॉवेलाचा खरा अर्थ काय?

"काही अर्थ नाही!" कप्तान किंचाळला. "टॉवेल आहे तो!"

मिसाओनं उंच बैठकीवरून सगळ्यांकडे पाहिलं. पुन्हा कधी मत द्यायचं नाही, अशी तिनं देवापुढे शपथ घेतली होती. ती खाकरली. पुढे झुकली.

"माझं विचाराल तर," ती हळूच म्हणाली, "त्या घडीत काहीतरी गुंडाळलेलं आहे."