सांडलेली वीज

तपासणीला आलेल्या साहेबांसमोर आम्ही सगळे शिक्षक बसलो होतो. मीटिंग रंगात आली असताना भोये गुरुजी सरळ टेबलाखाली शिरले आणि त्यांनी साहेबांचा पाय धरला. आम्ही हादरलो. बदली टाळायला माणूस या थराला जातो? मग वाकून बघितलं, तर ते साहेबांच्या गुडघ्याला सायकलचा डायनामो बांधत होते.

"साहेब, केव्हाचा पाय हलवताय," ते खालूनच म्हणाले. "किती वीज सांडली."

जामसरच्या आमच्या शाळेत गुरुजी विज्ञान शिकवायचे. कोणी नुसतं हललं, तरी यांना वीज सांडताना दिसायची. स्वतःच्या गुडघ्याला पट्ट्याने डायनामो, छातीवर बल्ब. चालले की पेटायचा, थांबले की विझायचा. एकदा तिन्हीसांजेला तो उजेड बांधावरून उड्या मारत येताना बघून माझी बोबडी वळली होती. मुलांच्या पायांनाही ते पट्टा बांधायचे आणि मूल थांबलं की चिडायचे, "विझवलास ना!" घरी मात्र कोणाला बोलवायचे नाहीत. त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, उजवा हात सारखा थरथरायचा. लाजेने त्यांनी चारचौघांत येणंच सोडलं होतं.

साहेबांनी गुरुजींना सगळ्यांदेखत झापलं. 'हे खूळ सोडा म्हणावं,' असं सांगून मुख्याध्यापकांनी संध्याकाळी मला त्यांच्या घरी पाठवलं.

बघतो तर वहिनी ओट्यावर बसलेल्या, हात उघडा मांडीवर. मनगटाला पट्टी, पट्टीत तारेचं वेटोळं नि लोहचुंबक, आणि मोडक्या रेडिओतला इवलासा लाल दिवा. हात थरथरत होता आणि दिवा लुकलुकत होता.

"आता पाड्यावरची पोरं दिवा बघाय येतात," वहिनी हसून म्हणाल्या. "हाताकडं कोण नाही बघत."

एवढ्यात गुरुजी आतून आले. मला जवळून दाखवावं म्हणून त्यांनी वहिनींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. थरथर हळूहळू कमी झाली आणि दिवा विझला.

आता गुरुजी चिडणार, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते हात सोडेचनात. खूळ सोडायचा निरोप माझ्या तोंडातून निघाला नाही. आपणच काहीतरी बोलावं, म्हणून मी म्हटलं, "गुरुजी, दिवा विझला."

"राहू दे विझलेला," ते म्हणाले.