शंकरअण्णांचं मोलमेन

आमच्या गावात शंकरअण्णांना वेळ विचारलेला माणूस पुन्हा विचारत नसे. चार वाजले असले तर अण्णा खिशातलं घड्याळ काढून म्हणत, "पाच." मग सावकाश, "मोलमेनात!" आपले किती, ते ज्याचं त्यानं वजा करून घ्यावं.

ब्रह्मदेशातल्या या मोलमेन गावी अण्णा लाकडाच्या वखारीत होते. तिकडं दंगे झाले तेव्हा कमलनगरजवळच्या आमच्या खेड्यात परतले. घड्याळ मात्र तिकडचंच चालू ठेवलं, एक तास पुढं. जेवायचे त्याच वेळेला, झोपायचेही.

"तिकडं बाजार बाया चालवतेत," पारावर त्यांचं सुरू होई. "गडी पोरं खेळवतेत. घर जळालं तरी माणसं हसायलीत! आन् तुमी? लगनात बी रडायलात."

माझं डोकं फिरे. निजामी राज्यात सभेला परवानगी, शाळेला परवानगी. बिनपरवान्याचं एक उपाशी राहणं. आणि हे मोलमेनच्या बाया सांगणार!

"अण्णा, इथलं बोला की कधी!"

"इथलं बोलायला तू हैस की, लेका."

मराठी शाळेसाठी आम्ही सभा भरवली, त्या श्रावणातल्या दिवशी आभाळ गच्च होतं. पाटलांनी आपली कोठी शाळेला दिल्याचं चारचौघांत म्हणायचं, एवढंच काम. नाहीतर शाळा बुडाली. पण पोलिसांचा अमीन पुढ्यातच खुर्ची टाकून बसलेला. पाटील आपले "बघू, बघू" करत होते. अमीन संध्याकाळच्या गाडीनं जाणार होता. पण तोवर सभाच उठली असती.

"क्या बुड्ढे, कितने बजे?" अमीनानं अण्णांना विचारलं.

अण्णांनी घड्याळ काढलं. "सहा, साहेब."

मी वाट पाहिली. पुढचा शब्द आलाच नाही.

"गाडी चुकंल, साहेब. चला, पिशवी घेतो." आणि अण्णा त्याला घेऊन चिखलातून स्टेशनाकडं निघाले. ते वळणाआड जाताच पाटलांना कंठ फुटला, "घ्या की कोठी! नगं कोण म्हणलं?"

दुसऱ्या दिवशी आभार मानायला गेलो. अण्णांचा गाल सुजला होता. घड्याळ नव्हतं.

"स्टेशनातलं घड्याळ बघून हाणली त्यानं," अण्णा म्हणाले. "माझंबी काढून घेतलं. पण चिखल तुडवीत माघारी कोण येतंय? मग गाडी येईस्तोवर मोलमेन ऐकवलं त्याला!"

"पण अण्णा, तुमचं घड्याळ..."

त्यांचं हसू गेलं. "पोरगी हाय माझी तिकडं. आईसंगं. ती जेवायली का, शाळंतून आली का, तेवढं कळायचं."

"कामून सांगितलं न्हाई कधी?"

"मोलमेन म्हणलं की लोक हसतेत. ते सोसतं. पोरीचं काढलं की 'अरेरे' म्हणतील. ते न्हाई सोसत."

मी आभाराचं भाषण जुळवून नेलं होतं. ते बाजूला ठेवलं. नुसता पाया पडलो.

"ऊठ, ऊठ. शाळंत पोरींला बी घ्याल न्हव?"

"घेऊ की. पण बाप पाठवतील का?"

"त्यास्नी मी सांगतो."

आणि सांगितलं. त्या आठवड्यात अण्णा दारोदार फिरले, मोलमेनचं नावही न काढता.