गोविंदअण्णांची तक्रार-बैठक

गोविंदअण्णांनी विकलेल्या वस्तूबद्दल गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही, तर ते अस्वस्थ होतात. थोडे दिवस वाट बघतात आणि मग स्वतःच फोन लावतात. "टेबल कसं आहे? डुगडुगत नाही? नीट बघा. एखादा पाय तरी डुगडुगत असेल." पलीकडचा माणूस सगळं छान आहे म्हणाला, की फोन ठेवून आमच्याकडे बघतात. "लपवतोय काहीतरी."

अण्णा आमचे मल्लेश्वरमचे घरमालक. ते वर राहतात, आम्ही खाली. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरा'च्या जागी 'स्वल्प' आणि 'ठीक'च्या जागी 'सरी' इतके मिसळलेत की ते कन्नड शब्द आहेत हे त्यांना सांगूनही पटत नाही. पंख्यांच्या एका कारखान्यात तक्रार विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर एकाएकी कुणी तक्रार घेऊन येईना. तेवढ्यात जुन्या वस्तू विकायची ॲपं निघाली आणि अण्णा पुन्हा माणसांत आले.

गल्लीतलं कुणी घर बदललं, कुणी मुलाकडे परदेशी निघालं, की कपाटं, गाद्या, इस्त्र्या अण्णांच्या वऱ्हांड्यात येऊन पडतात. अण्णा त्या विकून देतात. स्वतःला काही घेत नाहीत. अट एकच, पुढे वाद झाला तर तो त्यांचा. त्यात मालकाने तोंड घालायचं नाही.

त्यांच्या जाहिराती गल्लीत पाठ आहेत. "पंखा. जुना. वारा येतो. आवाजही येतो. आवाज नको असेल तर नवीन घ्या." फोटो वस्तूचा नसतोच, ओरखड्याचा असतो. ओरखडा केवढा ते कळावं म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं. एका बाईंनी नाण्याची किंमत विचारली होती.

एवढं करूनही तक्रारी येतात. "ब्रो, पीस खराब आहे" असा निरोप आला, की अण्णा सावकाश एका बोटाने टाइप करतात, "मी तुमचा ब्रो नाही. वाद मिटेपर्यंत मी विक्रेता. वस्तू घेऊन समक्ष या." आणि माणसं खरोखर येतात.

मग बैठक भरते. वस्तू मधे स्टुलावर, गिऱ्हाईक समोरच्या खुर्चीत. पहिल्यांदा पाण्याचा तांब्या. ते पिऊन होईपर्यंत बोलायला बंदी. "आधी पाणी, मग तक्रार. तहानलेला माणूस तक्रार वाढवून सांगतो." मग अण्णा चष्मा पुसून त्यांचा ठरलेला प्रश्न विचारतात, "कधी बिघडलं ते मला नको. बिघडलं त्या वेळी तुम्ही काय करत होता?"

या प्रश्नापुढे भलेभले गडबडतात. एका मुलाने इस्त्री चिकट आहे म्हणून परत आणली. अण्णांनी ती नाकाशी नेली आणि शांतपणे म्हणाले, "चीज." मुलगा हॉस्टेलमध्ये राहायचा आणि इस्त्रीवर सँडविच भाजायचा. तो इस्त्री घेऊन परत गेला, जाताना अण्णांच्या पाया पडून. अण्णा वाद हरत नाहीत. मी तरी त्यांना हरताना पाहिलं नव्हतं.

मागच्या वर्षी आम्ही नवा मिक्सर घेतला आणि जुना अण्णांकडे दिला. मिक्सर उत्तम चालायचा. देण्याआधी माझ्या बायकोने तो टूथब्रशने घासून असा लखलखीत केला, की अण्णा नाराज झाले. "फोटो कशाचा काढू?"

कोरमंगलात खोली करून राहणारा मंजू नावाचा एक तरुण तो घेऊन गेला. महिनाभराने तो तणतणत परत आला. मी तेव्हा वरच बसलो होतो. त्याने पिशवीतून मिक्सर काढून स्टुलावर आदळला. "पीस खराब दिलात. मोटर जळली. पैसे परत द्या, नाहीतर ॲपवर सगळ्यांना सांगतो."

"आधी पाणी," अण्णा म्हणाले.

"पाणी नको."

"सरी. मग मी बसून राहतो."

मंजू पाणी प्यायला. अण्णांनी भांड्याच्या झाकणाचं रबर नखाने उचकटलं, वास घेतला आणि आपला प्रश्न विचारला.

"काही नाही. चटणी वाटत होतो."

"कसली?"

"खोबऱ्याची."

अण्णांनी बोट पुढे केलं. ते पिवळंजर्द झालं होतं. "खोबरं असं?"

माझ्या मनात आलं, संपलं, आता हा मिक्सर घेऊन परत जाणार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने कापला. पुन्हा वाजला. "घ्या," अण्णा म्हणाले.

तो दाराकडे तोंड करून हळू आवाजात कन्नडमध्ये बोलू लागला. "हो अम्मा, आलोय त्यांच्याकडे. सांगितलं ना, तुझ्यामुळे नाही. मिक्सरच खराब होता. पैसे देतायत ते परत. तू आधी जेव बघू."

फोन खिशात टाकून तो वळला, तेव्हा त्याचा सगळा आवेश गेला होता. हासनकडच्या गावाहून त्याची आई आली होती, त्याने सांगितलं. पोराला घरची हळद मिळावी म्हणून तिने शेतातली हळकुंडं आणली आणि मिक्सरमध्ये घातली. धूर निघाला. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात कशाला हात लावत नव्हती. मी तुझं नुकसान केलं, मला बसमध्ये बसवून दे, एवढंच म्हणत होती.

"पैसे परत आणून दाखवले, तर तिला पटलं असतं," मंजू म्हणाला. "जाऊ दे सर. चूक झाली." आणि तो मिक्सर पिशवीत भरू लागला.

"स्वल्प थांबा," अण्णा म्हणाले. "फोन लावा अम्मांना."

मग माझ्यादेखत अण्णांनी अस्खलित कन्नडमध्ये आमच्या मिक्सरची जी बदनामी केली, तशी त्यांनी आयुष्यात कुठल्या वस्तूची केली नसेल. मोटर आधीपासूनच जळकी होती. हळद घातली म्हणून नाही, पाणी घातलं असतं तरी जळली असती. तुमच्या पोराला आम्ही फसवलं, पोटात घाला. "आणि हे मिक्सरचे मालक समोरच बसलेत, त्यांनाच विचारा." एवढं बोलून त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

मला कन्नड समजतं, पण बोलता येतं ते रिक्षापुरतं. "हौदु अम्मा," मी म्हणालो, "मिक्सर सरी इल्ला." मिक्सर ठीक नाही, एवढंच मला जमलं. टूथब्रश घेऊन बसलेली बायको डोळ्यांपुढे आली. पलीकडून त्या माऊलीने मला चांगलंच झापलं. गावाकडच्या त्या भरभर बोलण्यातले शब्द निसटले, पण तिच्या आवाजात जोर आला होता, एवढं मला कळलं.

अण्णांनी मंजूला पैसे देऊन मिक्सर ठेवून घेतला. तो जिना उतरून गेल्यावर मी म्हणालो, "अण्णा, मिक्सर चांगला होता हो."

"फार चांगला होता."

"मग?"

अण्णा मिक्सरची वायर गुंडाळत होते.

"आमची ही होती तेव्हा घरात कप फुटला तरी मी अशीच चौकशी लावायचो," ते म्हणाले. "शेवटी तिच्याकडून कबूल करून घ्यायचोच. मग मग घरातलं काही मोडेनासंच झालं. मला वाटलं, बाई सांभाळून वागायला शिकली." गुंडाळलेली वायर त्यांनी पुन्हा सोडली. "ती गेल्यावर माळा आवरायला काढला. एका जुन्या लुगड्यात सगळं बांधून ठेवलेलं होतं. कान तुटलेले कप. दिव्याची काच. एक छोटा रेडिओ, तो हरवलाय म्हणाली होती मला."

मी वायरचं सुटलेलं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

"रेडिओची नुसती एक तार सुटली होती रे," अण्णा म्हणाले. "पाच मिनिटांचं काम."

दुसऱ्या दिवशी जळलेली मोटर नव्याने बांधून घ्यायला ते इथल्याच शिवाजीनगरला निघाले. मिक्सर नीट करून मंजूच्या आईला नेऊन द्यायचा होता. मी येतो म्हणालो, तर नको म्हणाले नाहीत. रिक्षात त्यांनी मिक्सर मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. पहिला खड्डा आला तसे ते पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाले, जरा सावकाश घे, घाई नाही.